मागच्या गल्लीचं दार

गेल्या आठवड्यात आमच्या इमारतीतले जुने पाइप काढायला माणसं आली. प्रताप नगरातली ही इमारत काही फार म्हातारी नाही. पण लोखंडी पाइपाला माणसाइतकं आयुष्य नसतं, आणि आमचे पाइप आतून गंजाने असे भरत आले होते की सकाळच्या पाण्याला धार म्हणायची लाज वाटावी. उन्हं अजून गॅलरीत यायची होती. मी खुर्ची टाकून, चहाचा कप हातात घेऊन, त्यांचं काम बघत बसलो होतो. रिकामटेकड्या म्हाताऱ्याला दुसऱ्याचं काम बघण्याइतकं सुख कशात नाही, आणि ते आपल्याच धंद्याचं असेल तर त्या सुखाला थोडी खाजही असते. कारागिराने मोठा पान्हा लावून एक सांधा पिळला. तो कुरकुरला, अडला, मग एकदम सैल झाला. आट्यांमधून काळा पडलेला ताग सुटून आला आणि त्याच्यामागोमाग एक वास वर आला. अळशीच्या तेलात कालवलेल्या सफेद्याचा वास. पाइपाच्या आट्यांवर ताग गुंडाळायचा आणि वरून हा सफेदा बोटाने फासायचा, म्हणजे सांधा गळत नाही, ही आमच्या वेळची रीत. आता प्लास्टिकचे पाइप असतात आणि डबीतला डिंक असतो. बरंच आहे ते. पण त्या वासाने माझा चहा तसाच राहिला.

मी आयुष्यभर प्लंबरचं काम केलं. इमारतीतली मंडळी मला 'पाणीपुरवठ्यातले काका' म्हणतात, आणि त्यांतल्या निम्म्यांची समजूत आहे की मी कुठल्या तरी खात्यातला निवृत्त इंजिनियर आहे. मी दर वेळी सांगतो की बाबांनो, मी नळ बसवले, संडास बसवले, तुंबलेली गटारं मोकळी केली. तर ते हसतात, काका थट्टा करताहेत म्हणतात. माणसाने शर्टाला इस्त्री केली आणि कपाटात चार पुस्तकं ठेवली की त्याने कधी हात घाण केले असतील यावर लोकांचा विश्वासच बसत नाही. तुम्ही हे असलं काही वाचत बसला आहात म्हणजे तुम्हीही माझ्यासारखेच, एखाद्या वासापाशी थांबून राहणारे असाल, म्हणून तुम्हाला सांगतो. हा धंदा धरायचा की नाही, या एका प्रश्नावरून आमचं घर एक अख्खा उन्हाळा धुमसत होतं. नागपूरचा उन्हाळा आधीच माणसाला सरळ बोलू देत नाही, त्यात हे.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. बाबा कापडाच्या मिलमध्ये मागावर होते. संध्याकाळी पाळी सुटली की डोक्यात, भुवयांत कापसाचं तूस घेऊन घरी यायचे, वस्तीच्या सार्वजनिक नळावर रगडून अंघोळ करायचे, आणि मग खुंटीवरचा पांढरा सदरा घालायचे. तो सदरा घातला की ते वेगळेच माणूस व्हायचे. आवाज खाली यायचा, पाठ ताठ व्हायची. उमरेडकडच्या ज्या खेड्यातून आम्ही आलो तिथे आमच्या घराच्या वाट्याला गावकीची जी कामं होती, त्यांत मेलेली ढोरं ओढून नेणं हे एक होतं. नागपुरात दीक्षा झाली तेव्हा बाबा असाच पांढरा सदरा घालून आले होते, मी आईच्या कडेवर. दीक्षेला म्हणून आले ते परत गेलेच नाहीत. गावाबद्दल त्यांनी माझ्याजवळ कधी तक्रार केली नाही, कारण गावाबद्दल ते बोलतच नसत. एकच गोष्ट ते पुन्हापुन्हा म्हणत, की माझं पोरगं टेबलखुर्चीवर बसेल. टेबलखुर्ची हे त्यांच्या लेखी लाकडी सामान नव्हतंच. माणूस जमिनीपासून किती वर उचलला गेला याचं ते माप होतं.

आणि तेव्हाच, टेबलखुर्चीची वाट बघत मी वस्तीत भटकत असताना, उस्ताद आले. आमच्याकडे नवा सार्वजनिक नळ बसत होता, त्या कामावर. मूळचे कन्हानचे, अंगाने शिडशिडीत, डोक्याला कायम ओला पंचा. ते आमच्यातले नव्हते, एवढंच सांगून पुढे जातो. त्यांनी पाइप शिकंज्याच्या लोखंडी जबड्यात धरला, आटे पाडायचं यंत्र वर चढवलं आणि समोर उभ्या असलेल्या मला म्हणाले, "पाह्यत काय राह्यला गा, तेल टाक." मी तेल टाकलं. लोखंडाची चकचकीत कातरण सुटत गेली आणि साध्या नळीच्या तोंडावर बघता बघता आटे उमटले. दुसऱ्या दिवशी मी आपणहून गेलो, मग रोजच जायला लागलो. घरी विचारलं की सहज जातो म्हणायचो. उस्तादांनी मला पाणी ऐकायला शिकवलं. नवी लाइन टाकून व्हॉल्व्ह उघडला की पाइपाला कान लावायचा. आधी पाणी येत नाही, आधी हवा येते. लांबून कुणीतरी सुस्कारा टाकल्यासारखी. मग ती थरथरते, आणि मग आत काहीतरी भरत भरत आपल्या कानाकडे यायला लागतं. मला तेव्हा जे व्हायचं ते मॅट्रिकच्या निकालाने झालं नव्हतं. मला ते काम आवडलं होतं. जीव जडला होता म्हणा हवं तर.

बाबांना ते कळलं तेव्हा त्यांनी आधी आरडाओरडा केला नाही. जेवताना विचारलं, तेही भाकरीकडे बघत.

"थो तुहा उस्ताद नुसते नळ बसवते, का संडासही?"

"दोन्ही," मी म्हटलं. खोटं बोलून भागणार नव्हतं.

बाबांनी हात थांबवला. "तुंबलेले काढते?"

"काढतात."

ते ताटावरून उठले. आई 'अजी, जेवून तर घ्या' म्हणाली तरी थांबले नाहीत. बाहेर ओट्यावर जाऊन पाठमोरे बसले आणि तिथूनच म्हणाले, "माह्या बापानं ढोरं ओढली. मी थे सोडून आलो. तुले शिकवलं कायच्यासाठी? पाइपातली घाण काढाले?" त्यानंतर आमच्यात बोलणं उरलं नाही. टिनाच्या छपराखाली दुपारभर घर तापायचं, आणि संध्याकाळी ते आल्यावर आणखी तापायचं. आई दोघांच्या मध्ये ताटं ठेवायची आणि निरोप पोचवायची. "पाणी पाहिजे म्हणतात तुझे बाबा." बाबा माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे.

आता या वयात मी त्यांची बाजू माझ्या बाजूपेक्षा जास्त चांगली मांडू शकतो. खरं तर तेव्हाही ती मला पुरती परकी नव्हती, आणि माझी झोप उडाली होती ती त्यामुळेच. बाबा चुकीचं बोलताहेत असं वाटलं असतं तर मी सुखाने भांडलो असतो. पण मी उस्तादांना एका घरी तुंबलेला संडास मोकळा करताना पाहिलं होतं. कोपरापर्यंत हात घालून त्यांनी ते काम केलं, साबणाने हात धुतले, घरच्या बाईंनी त्यांना चहा दिला आणि 'मिस्त्री, तुम्ही होतात म्हणून' असं म्हणाल्या. मी बाजूला उभा राहून विचार करत होतो, की हाच हात मी घातला असता तर? उस्तादांनी केलं ते काम होतं. मी केलं असतं तर लोक म्हणाले असते, बरोबरच आहे, यांचंच ते. तीच घाण, तोच साबण, पण त्यांचे हात धुतल्यावर स्वच्छ होत होते आणि माझे होतील की नाही याची मला खात्री नव्हती. शहराला याचं फार काही वाटत नाही असं म्हणतात. पण शहरातही आडनाव सांगितल्यावर समोरच्याच्या डोळ्यात जे किंचित हलतं ते मला पाठ होतं. हे उस्तादांना सांगण्यासारखं नव्हतं, बाबांना सांगितलं असतं तर मी हरलो असतो, म्हणून मी ते कुणालाच सांगितलं नाही.

अशात दोन गोष्टी एकाच दिवसावर येऊन बसल्या. बाबांनी मिलमधल्या हजेरी खात्याच्या बाबूजवळ माझ्यासाठी शब्द टाकला होता. नुसती हजेरी मांडायची जागा, पण टेबल होतं, खुर्ची होती. बाबूने मुलाला घेऊन या म्हटलं आणि दिवस दिला. सकाळी, दुसऱ्या भोंग्याला तो जागेवर बसतो तेव्हा. नंतर ती जागा दुसऱ्या कुणाच्या भावाला जाणार होती. आणि त्याच दिवशी सकाळी धंतोलीतल्या एका बंगल्यात उस्तादांचं काम पुरं व्हायचं होतं.

त्या बंगल्याचं काम जरा समजावून सांगायला हवं, कारण आताच्या माणसांना ते ठाऊक असण्याचं कारण नाही. तेव्हा नागपुरातल्या बऱ्याच चांगल्या चांगल्या घरांत टोपलीचे संडास होते. वर फरशी, खाली एक कोनाड्यासारखी खोली, तीत टोपली. आणि त्या खोलीला मागच्या बाजूने गुडघ्याएवढं लोखंडी दार. ही दारं एका अरुंद गल्लीत उघडायची. बंगल्यांच्या पुढे गुलमोहर, फाटकं, नावाच्या पाट्या. मागे ही गल्ली आणि रांगेने लहान लहान दारं. सकाळी सफाईवाली बाई त्या गल्लीतून यायची, वाकून दार उघडायची आणि टोपली बाहेर काढून डोक्यावरच्या डब्यात ओतायची. घरातली माणसं जन्मभर त्या घरात राहून आपल्याच घराची मागची भिंत बघत नसत. मग फ्लशचे संडास आले. उस्ताद ते बसवायचे. पण त्यांची एक रीत होती, आणि धंद्यातले बाकीचे लोक तिला वेडेपणा म्हणायचे. नवा संडास सुरू करून देण्याआधी जुन्याची फरशी फोडायची, आत उतरायचं, आणि ते मागचं दार आतून विटांनी बंद करायचं. मग त्यात मुरूम भरायचा. दार बंद झाल्याशिवाय नव्या लाइनचा व्हॉल्व्ह ते उघडत नसत.

बंगल्याच्या साहेबांना ते पटलं नव्हतं. साहेब वाईट माणूस नव्हते. ते आपले नागपूरच्या उन्हाळ्याला घाबरलेले. "अहो मिस्त्री, जुना राहू द्या ना तसाच," ते म्हणाले. "मे महिन्यात नळ आले नाहीत तर तुमच्या फ्लशला काय चाटायचं?"

उस्ताद म्हणाले, "साहेब, दार उघडं राह्यलं तर कोन्हीतरी येईनच. दार बंद होईन, मगच व्हॉल्व्ह खुलेन."

घरात लग्न होतं. पाहुणे यायला लागायचे होते. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, करा काय ते, पण उद्या सकाळचे नळ जायच्या आत मला नवा संडास चालू पाहिजे. साहेब आत गेल्यावर उस्ताद पायरीवर बसले, गुडघे चोळले आणि माझ्याकडे न बघता बोलले. "माह्ये गुडघे आता खाली जात नाहीत. उद्या तू उतरशीन. माह्याजवळ ज्याले शिकाचं आहे त्यानं एकदा तरी आत उतरून थे दार बंद केलं पाह्यजे. नुसते नळ बसवणारे नागपुरात पुष्कळ आहेत गा. उद्या नाही आला तरी मले राग नाही."

त्या संध्याकाळी बाबांनी आपला दुसरा पांढरा सदरा मला दिला. घडी घातलेला, स्वतः इस्त्री करून आणलेला. कितीतरी दिवसांनी माझ्याशी थेट बोलले. "उद्या पाळीवर जात नाही मी. पह्यल्या भोंग्याले निघू." त्यांच्या आवाजात हुकूम नव्हता, आर्जव होतं. सकाळी उजाडता उजाडता मी उठलो. सदरा घडी न मोडता तिथेच ठेवला, रोजचे कपडे घातले. आई चुलीपाशी होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "काय ठरवलं रे? मले तरी सांग."

"मलेच नाही मालूम वं," मी म्हटलं. "धंतोलीले, लग्नाच्या बंगल्यावर जाऊन येतो. भोंग्याच्या आत येतो." आणि ते खरं होतं. मला जाऊन उस्तादांना नाही म्हणायचं असेल, किंवा नसेल. रस्ताभर मी दोन्ही उत्तरं घोकत होतो आणि दोन्ही तोंडात सारखीच कडू लागत होती.

उस्तादांनी फरशी फोडून ठेवली होती. खालची खोली आठवड्यापासून वापरात नव्हती, चुना टाकून फिनाइलने धुतली होती, तरी वास होता. घाणीचा वास धुतला जातो, भिंतीत मुरलेल्या वर्षांचा जात नाही. विटा आणि मसाला काठावर तयार होता. उस्तादांनी एकदा ये म्हटलं असतं, चल म्हटलं असतं, तर मला राग तरी येऊ शकला असता. मी काठावर उभा राहिलो. घरात पाहुण्या बायकांचं हसणं चाललं होतं, कुठेतरी पोळ्या भाजल्याचा वास होता. मला खरंच भीती वाटत होती की एकदा तिथे उतरलो तर वर येणारा मी तोच नसेन, बाबांनी एवढ्या वर्षांत जे काही माझ्यावर चढवलं ते सगळं तिथेच राहील. मग बंगल्याच्या आतून साहेबांनी हाक मारली, "मिस्त्री, होतंय की नाही? नळ जातील!" आणि उस्ताद गुडघ्यावर हात ठेवून, दात आवळून, स्वतः खाली उतरायला वाकले. ते बघवलं नाही. मी त्यांचा दंड धरला, त्यांना मागे सारलं आणि उतरलो.

आत उकिडवं बसल्यावर ते दार माझ्या चेहऱ्याच्या रेषेत आलं. लोखंडी झडप काढून टाकली होती. त्या चौकटीतून मागची गल्ली दिसत होती, म्हणजे गल्लीची फक्त जमीन दिसत होती. धूळ, सांडपाण्याची नाली, समोरच्या भिंतीचा पाया. कुणी आलं असतं तर फक्त पाय दिसले असते. इथे रोज येणाऱ्या बाईला या घरातल्या कुणाचा चेहरा कधी दिसला नसणार आणि घरातल्यांना तिचा, हे मला तिथे बसल्यावर कळलं, त्याआधी नुसतं ऐकून ठाऊक होतं. मी मसाला पसरला आणि पहिला थर लावायला घेतला. वीट वाकडी बसली, काढून पुन्हा बसवली. दुसरा थर लागत होता तेव्हा मिलचा पहिला भोंगा झाला.

थोड्या वेळाने चौकटीत पाय आले. धुतलेल्या चपला, त्यावर पांढऱ्या पायजम्याची कड. मी ओळखलं. आईने सांगितलं असणार, आणि पुढच्या फाटकावरून त्यांना कुणीतरी 'कामाची माणसं मागे आहेत' म्हणून मागच्या गल्लीत पाठवलं असणार. ते उभेच होते. मग ते वाकले. ज्या माणसाने आयुष्यात पुन्हा कुणापुढे वाकायचं नाही असं ठरवलं होतं, तो त्या दारापाशी एक हात भिंतीला टेकून वाकला, आणि माझ्या चेहऱ्यासमोर त्यांचा चेहरा आला. मला वाटलं, ते रडतील. त्याने मी कोलमडलो असतो.

"काहून बे उतरला तिथं?" ते म्हणाले.

मी पुढची वीट उचलली.

"बाहेर निघ. हातपाय धू. सदरा आणला आहे मी." खरंच त्यांच्या काखेत तो घडी घातलेला सदरा होता. "दुसरा भोंगा व्हायचा आहे अजून. टाइम आहे."

"बाबा, हे दार बंद करून राह्यलो मी," मी म्हटलं. "मंग इथं कोन्हाले याचं काम नाही पडणार."

"दुसरा कोन्ही करीन थे!" ते ओरडले. "जगात तूच आहे काय? तुह्याच नशिबी लिहिलं आहे काय?"

हा प्रश्न मीही स्वतःला त्या उन्हाळ्यात कितीदा विचारला होता. दुसरा कोणी का नाही? माझ्या हातात वीट होती. ती खाली ठेवली तर वर चढून, हातपाय धुऊन, सदरा घालून मी भोंग्याला पोचू शकत होतो. ती लावली तर बाबूची खुर्ची दुसऱ्याची. बाबा माझ्या हाताकडे बघत होते, मीही माझ्या हाताकडेच बघत होतो, जणू तो दोघांपैकी कुणाचाच नव्हता. मी विटेला मसाला लावला आणि ती जागेवर ठेवली. थापीच्या दांड्याने ठोकून बसवली. विटेआड बाबांचा चेहरा अर्धा झाला. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि ते सरळ उभे राहिले. पुन्हा फक्त पाय दिसायला लागले. पण ते पाय गेले नाहीत. मला वाटत होतं जातील, आणि जावेत असंही वाटत होतं, कारण ते तिथे असताना पुढची वीट उचलणं हे मी केलेल्या सगळ्या कामांत अवघड होतं. मी उचलत राहिलो.

शेवटच्या थराला एका विटेची जागा उरली होती. तेवढ्यात गल्लीत दुसरे पाय आले, अनवाणी, चांदीचे जुने वाळे घातलेले. डब्याचा आवाज झाला. सफाईवाली बाई आपल्या फेरीवर आली होती.

"ये बंद कर रहे क्या?" तिने विचारलं.

बाबांचे पाय तिच्याकडे वळले.

"भाऊ," ती म्हणाली, "अंदर तुम्हारा लडका है क्या?"

आणि त्याच क्षणी दुसरा भोंगा झाला. मिलचा भोंगा तुम्ही ऐकला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल की तो संपता संपत नाही. आधी चढतो, मग नुसता ताणून राहतो, आणि शहरातल्या सगळ्या बोलण्यावर बसतो. मी वीट हातात धरून, श्वास धरून, त्या एवढ्याशा भोकाशी कान लावून बसलो होतो. बाबा गप्प राहिले असते तर चाललं असतं. नाही म्हणाले असते तरी मी त्यांना दोष दिला नसता. पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसाला त्या गल्लीत उभं राहून त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागू नये. भोंगा उतरत उतरत विझला. बाई अजून तिथेच होती.

"हो," बाबा म्हणाले. "माह्यंच पोरगं आहे."

बाईने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला असावा, त्याची कडी वाजली. "तो उसको बोलो," ती म्हणाली, "इस गल्ली में और बहुत हैं." आणि तिचे पाय पुढच्या दाराकडे गेले.

बाबा पुन्हा वाकले. या वेळी त्या भोकातून त्यांचा फक्त एक डोळा आणि भुवईत अंघोळीनेही न गेलेलं कापसाचं तूस दिसलं. "आयकलं काय?" त्यांनी मला विचारलं.

"आयकलं," मी म्हटलं, आणि ते जागा सोडून बाजूला झाले, मला शेवटची वीट लावता यावी म्हणून.

नळ जायच्या आत नवा संडास चालू झाला. मी पाइपाला कान लावला की नाही ते आठवत नाही, लावला असणार. संध्याकाळी घरी गेलो तेव्हा आईने भीत भीत विचारलं, बाबूनं काय सांगितलं जी? बाबा म्हणाले, "काम लागलं त्याले." आणि पाणी आणायला बादली घेऊन निघून गेले. त्यांनी आयुष्यात कुणाला 'माझा मुलगा प्लंबर आहे' असं सांगितल्याचं मी ऐकलं नाही. माझ्या कामाची स्तुतीही केली नाही. लग्नाच्या बैठकीत विषय निघाला तेव्हाही खाकरले आणि म्हणाले, पाण्याच्या कामात आहे. पण काही काही संध्याकाळी, पांढरा सदरा घालून ओट्यावर बसलेले असताना, माझ्या हातांकडे न बघता ते विचारायचे, "त्या गल्लीत राह्यली काय अजून?" मी सांगायचो, राहिली आहेत बाबा. ते मान हलवायचे.

वर्षं गेली. उस्ताद गेले, मिलचा भोंगा बंद पडला, बंगले पाडून फ्लॅट झाले. ती गल्लीही ज्याने त्याने भिंत घालून आपापल्या अंगणात ओढून घेतली. त्या घरांत आता जी मुलं वाढताहेत त्यांना विचारलं तर मागे असं दार असायचं हे त्यांना खरं वाटणार नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. काही गोष्टींची आठवण न उरणं हीच त्या संपल्याची खूण असते, आणि ती मिळावी म्हणून तर विटा लावल्या होत्या. बाबा शेवटी अंथरुणावर होते तेव्हा मी त्यांना सांगितलं, की बाबा, त्या गल्लीतली सगळी दारं बंद झाली, एकही राहिलं नाही. त्यांना ऐकू कमी यायचं. मला दोनदा सांगावं लागलं. त्यांनी छताकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी ते काही बोलतील, निदान बरं झालं म्हणतील. ते म्हणाले, "अन् दुसऱ्या गल्ल्याइतली?" ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. अजूनही एखाद्या गावाची, एखाद्या गटारात उतरलेल्या माणसाची बातमी वाचली की मला वाटतं, ते ओट्यावर बसून तशीच वाट बघताहेत, आणि त्यांना सांगावं असं उत्तर अजून माझ्यापाशी आलेलं नाही.